हंसपालन : नवख्यांना धीर आणि आधार

स्वयंरोजगार हा शब्द आपल्या सभा-संमेलनांतून इतक्या वेळा उच्चारला जातो की, त्याचा नेमका अर्थ विचारण्याचे आता कोणाला सुचत नाही. नोकऱ्या नाहीत, तरी तरुणांनी शेळ्या पाळाव्यात, कोंबड्या पाळाव्यात, जोडधंदा करावा, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. टाळ्या पडतात. सांगणारे पाहुणे गाडीत बसून निघून जातात. ऐकणाऱ्यांपैकी एखादा मात्र ते मनावर घेतो. त्या एखाद्याचे पुढे काय होते, हे आम्ही बँकेच्या काउंटरमागे बसून गेली वीस-बावीस वर्षे पाहत आलो आहोत. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा धंद्याविषयी, म्हणजे हंसपालनाविषयी लिहावयाचे आहे. आम्ही पशुवैद्य नाही. आमची पदवी कला शाखेची. परंतु एका हंसपालकाच्या कर्जाची फाईल आमच्या हातून गेली, ती चुकीच्या सदराखाली गेली, आणि त्या चुकीपायी या विषयाचे जे शिक्षण आम्हांस मिळाले, ते वाचकांच्या, विशेषतः विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे असे वाटते.

प्रथम हंस म्हणजे कोणता, हे सांगितले पाहिजे. आपल्या बाजारात ज्याला कोणी राजहंस, कोणी हंस, तर कोणी सरसकट मोठे बदक म्हणतो, तो हा पक्षी. बदकापेक्षा आकाराने मोठा, मान लांब, चाल डौलाची आणि आवाज कर्कश. आपल्याकडे बहुधा दिसतो तो चोचीच्या मुळाशी गाठ असलेला चिनी जातीचा हंस, पांढरा किंवा करडा-तपकिरी. युरोपातील एम्डेन, टुलूझ या जाती वेगळ्या वंशाच्या. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसजातक चितारलेले आहे. हिवाळ्यात भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर उतरणारा पट्टकादंब हाही हंसकुळातलाच. मात्र तो रानपक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे, हे नवख्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. राहता राहिला दूध आणि पाणी वेगळे करणारा कवींचा हंस. तो आम्हांस अद्याप दिसलेला नाही. आमच्या पाहण्यातले हंस कणी आणि चिखल एकत्र करूनच खातात.

आता त्या फाईलची हकिकत. २०१८ साली आम्ही भंडारा जिल्ह्यातील एका लहान शाखेत होतो. गावचा एक तरुण, बी. ए. झालेला, दोन-तीन स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला, कर्जासाठी आला. आई बचत गटात होती. घरामागे थोडी जागा आणि जागेला लागून एक बोडी, म्हणजे लहान तळे. कोणा व्यापाऱ्याने त्याला सांगितले होते की, हंसाला रोग नाही, खर्च नाही, गवतावर जगतो आणि जोडी चांगल्या किमतीला जाते. त्याला तीस पिल्ले घ्यावयाची होती. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. त्याने ४० हजार मागितले. आमच्या फॉर्मवर हंस असा रकाना नव्हता. आम्ही तो अर्ज कुक्कुटपालन या सदराखाली भरला आणि प्रकल्प अहवाल म्हणून ब्रॉयलर कोंबडीचा छापील नमुना जोडला. परतफेडीचा तक्ताही त्याच नमुन्याचा. तिसऱ्या महिन्यापासून हप्ता. वरिष्ठांनी सही केली, कर्ज मंजूर झाले, मुलाने पेढे दिले. आम्ही पेढा खाल्ला, हेही येथे कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारीअखेर पिल्ले आली. पाच आठवड्यांनी तीसपैकी सात उरली.

काय काय घडले ते नंतर कळले. पिल्ले स्वच्छ राहावीत म्हणून त्याने खाली वर्तमानपत्रे अंथरली होती. गुळगुळीत कागदावर पाय घसरून चार-पाच पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकले ते फाकलेच. खाद्य म्हणून कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य घातले. त्यावर पिल्ले वाढली खरी, पण काहींना उभे राहवेना, गुडघे सुजले. मार्चच्या मध्यावर अवकाळी पाऊस आला. हंस पाण्यातला पक्षी, त्याला पावसाचे काय, असे समजून त्याने पिल्ले बाहेरच ठेवली. सकाळी नऊ मेलेली सापडली. उरलेल्यांपैकी काही मुंगसाने नेली. पशुवैद्यकीय दवाखान्यात तो दोनदा जाऊन आला. तेथील डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा कार्यभार होता आणि हंसाचा रुग्ण त्यांच्यापुढे यापूर्वी कधी आलेला नव्हता. त्यांना दोष देता येत नाही. व्यापाऱ्याचा फोन लागेना. तिसऱ्या महिन्यात हप्ता थकला आणि त्याच्या नावाची नोटीस टाईप करण्याचे काम आमच्याकडेच आले.

नोटीस घेऊन तो काउंटरवर आला. त्याने भांडण केले नाही, फक्त एवढेच विचारले की, "साहेब, हे विचारायचं कोणाला होतं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही आमच्या शिपायाच्या ओळखीने पलीकडच्या टोलीवरील एका वयस्क बाईंपर्यंत पोहोचलो. सारे गाव त्यांना आत्याबाई म्हणते. लग्नात सासरहून आलेल्या एका जोडीपासून त्यांनी हंस वाढविले होते, आणि चाळीस वर्षांत दारी हंस नाही असा दिवस गेला नव्हता. रविवारी आम्ही त्या मुलाला घेऊन गेलो. आत्याबाईंनी सारी कथा ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बापू, तीस पिल्लं काहून आणली? पहिले पाच पाळाचे, मंग पन्नासाची गोष्ट कराची." नंतर त्यांनी जे सांगितले ते पुढे आम्ही पुस्तकांतून आणि पशुवैद्यक महाविद्यालयातील जाणकारांकडून पडताळून घेतले. एक-दोन बाबी वगळता त्या बरोबर निघाल्या. ते सर्व येथे एकत्र देतो.

पावसाची गोष्ट आधी. मोठ्या हंसाची पिसे पाण्याने भिजत नाहीत, कारण शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल तो चोचीने अंगभर लावतो. लहान पिल्लाची लव मात्र भिजते. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लाला तिच्या पिसांची ऊब मिळते आणि तिच्या अंगचे तेलही लागते. यंत्रात उबवलेल्या, बाजारातून आणलेल्या पिल्लाला दोन्ही नसते. आत्याबाईंचे शब्द होते, "तुह्या पिलाले माय नाही, त तू माय हो." म्हणजे पहिले तीन-चार आठवडे बल्बची किंवा शेगडीची ऊब हवी. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळचे तापमान साधारण ३२ अंश सेल्सिअस ठेवावे आणि दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवीत न्यावे. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहावे : ती बल्बखाली एकावर एक चढत असतील तर थंडी आहे, दूर पळून चोच उघडून बसत असतील तर उष्मा. खाली कागद नको. धानाचे तणस बारीक करून किंवा कोरडा भुसा अंथरावा आणि ओला झाला की बदलावा. पिण्याचे भांडे इतके खोल असावे की डोके बुडवून डोळे व नाकपुड्या धुता याव्यात, पण इतके मोठे नको की पिल्लू आत पडून भिजेल. हंस पाळण्यासाठी तळे असलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चांगले खोल टोपले भरून पाणी असले तरी तो आनंदाने राहतो. आमच्या तरुणाने बोडी आहे म्हणूनच हंस घेतले होते, आणि त्याच बोडीच्या काठच्या झुडपांतून मुंगूस येत होते.

खाद्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. हंसाच्या व बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा पुष्कळ अधिक लागते. ते कमी पडले की सांधे सुजतात, पाय वाकतात. कोंबडीच्या खाद्यावर पिल्ले वाढवावयाची तर त्यात यीस्टची भुकटी मिसळावी. ती औषधांच्या वा पशुखाद्याच्या दुकानात मिळते आणि स्वस्त असते. आत्याबाईंना नायसिन हा शब्द ठाऊक नव्हता. त्या पिल्लांना तिसऱ्या दिवसापासून कोवळी हराळी आणि चिरलेला लसूणघास घालीत आणि शिजवलेली कणी देत. त्यांची पिल्ले कधी लंगडली नाहीत. दुसऱ्या टोकाची चूकही होते. प्रेमापोटी नुसता भरपूर खुराक दिला तर अंग लवकर वाढते आणि पंखाचे टोक बाहेर वळून तसेच राहते. गवत हा हंसाचा मुख्य आहार आहे. पाच-सहा आठवड्यांपासून चांगल्या हिरव्या कुरणावर तो बराचसा भागवितो, आणि याच गुणामुळे तो गरिबाला परवडतो. मात्र हिरवे कुरण आपल्याकडे जुलै ते डिसेंबर. पुढे उन्हाळ्यात कोंडा, कणी, भाजीबाजारातला टाकाऊ पाला यांची तजवीज करावीच लागते. "खर्च नाही" असे सांगणारा व्यापारी हे सहा महिने मोजीत नाही.

आणखी एक धोका शेंगदाण्याच्या पेंडीचा. स्वस्त मिळते म्हणून पेंड घातली जाते. पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीने सुमारे एक लाख टर्की पिल्ले दगावली होती, बदकांची पिल्लेही त्यात होती. त्याच प्रकरणातून हे विष जगाला कळले. पाणपक्ष्यांची पिल्ले या विषाला फार लवकर बळी पडतात. वास आलेली पेंड हंसाला घालू नये. गाईलाही घालू नये, पण तो निराळा विषय झाला.

"रोग नाही" हेही अर्धसत्य आहे. कोंबडीच्या मानाने हंस काटक आहे, हे खरे. परंतु बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू ज्या वंशावळीने जगभर पसरला, ती १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका हंसातच प्रथम सापडली. आपल्या देशात त्याची पहिली लागण फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. रानातले पाणपक्षी हा विषाणू बाळगून हिंडू शकतात. तेव्हा ज्या तलावावर हिवाळी पक्षी उतरतात तेथे आपले हंस सोडू नयेत, आणि एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर गुपचूप पुरून न टाकता दवाखान्यात कळवावे.

प्रजननाविषयी थोडक्यात सांगतो. एका नराला तीन-चार माद्या पुरतात. मादी पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत अंडी घालू लागते. हंगामाला तीस-चाळीस अंडी मिळाली तर चांगली. अंडे कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीन पट वजनाचे असते आणि सुमारे तीस दिवसांत उबते. पहिल्या वर्षी पुष्कळ अंडी फळत नाहीत. खरी बरकत दुसऱ्या हंगामापासून. नर आणि मादी दिसायला इतके सारखे की, जोडी म्हणून विकत घेतलेले दोन्ही नर निघण्याचा प्रकार सर्रास घडतो. आवाजावरून थोडे कळते. नराचा आवाज चिरका, मादीचा जाड. चिनी जातीत नराच्या चोचीवरची गाठही मोठी असते. खात्री हवी असेल तर जाणत्याकडूनच तपासून घ्यावे. अंड्यातून बाहेर पडताच पिल्लू जे हलणारे प्रथम पाहते त्याच्यामागे चालू लागते. या गोष्टीचा अभ्यास कॉनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने केला आणि प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी त्याला १९७३ चे नोबेल पारितोषिक दोघांसह विभागून मिळाले. आत्याबाईंच्या धाकट्या नातीमागे पिल्लांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत जात असे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

राखणदार म्हणून हंसाचा उपयोग सर्वांना माहीत आहे. परका दिसला की तो मान जमिनीलगत ताणून फूत्कार करतो आणि सारा कळप ओरडतो. स्कॉटलंडमधील एका व्हिस्कीच्या गोदामावर १९५९ पासून २०१२ पर्यंत हंसांचा पहारा होता. दारूची राखण हंसांनी करावी, हा काळाचा महिमा. लहान मुलांना मात्र नर हंस पंखाने मारतो. अंगणात तान्हे मूल असेल तर कुंपण वेगळे हवे.

आता पैशाचे. येथे आम्ही आमच्या माहितीच्या प्रांतात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हंसाला आपल्याकडे बांधलेला बाजार नाही. आसाम-बंगालकडे घरोघरी हंस पाळण्याची रीत आहे, मांसालाही गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्रात गिऱ्हाईक म्हणजे फार्महाऊसवाले, कृषी पर्यटन केंद्रे, राखणीसाठी पक्षी हवे असणारे बागायतदार आणि हौशी माणसे. अंडी शेजारीपाजारी खपतात. हे गिऱ्हाईक खरे आहे, पण थोडे आहे. समजा, चार माद्यांनी प्रत्येकी तीस अंडी दिली आणि निम्मी पिल्ले जगली, तर वर्षाला साठ पक्षी झाले. तालुक्यात दहा जणांनी हाच धंदा केला तर सहाशे. एवढी फार्महाऊसे आमच्या तालुक्यात नाहीत. तेव्हा विकणारे जोडीची किंमत कोणाकडून वसूल करतात? पुढच्या नवख्याकडून. तो त्याच्या पुढच्या नवख्याकडून. साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या दारात पक्षी राहतात आणि गिऱ्हाईक राहत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. इमू पक्ष्यांच्या बाबतीत हेच झाले. जोड्या विकल्या, पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली, आणि २०१२ साली तमिळनाडूत त्या योजना कोसळल्या. महाराष्ट्रातही अनेकांनी इमूवर कर्जे काढली होती. शेवटी चारा परवडेना म्हणून पक्षी सोडून देण्याची पाळी आली. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. कडकनाथ कोंबडी वाईट नाही, इमूही वाईट नाही. पिल्ले विकणारा माणूस हाच सल्लागार, हाच शिक्षक आणि हाच भावी गिऱ्हाईक, अशी व्यवस्था वाईट. नवख्याला "कर, कर" म्हणणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, हे आपल्या तरुणांनी आधी विचारावे. परत खरेदीची हमी कोणी देत असेल तर ती देणाऱ्याने मागल्या वर्षी कोणाकडून किती पक्षी घेतले, त्या माणसांना स्वतः जाऊन भेटावे. कागद नंतर वाचावा.

कर्जाविषयी आमचे मत असे की, पहिल्या पाच पक्ष्यांसाठी बँकेत येऊच नये. आम्ही बँकेचे असून हे लिहितो. बचत गटाचे अंतर्गत कर्ज त्यासाठी पुरेसे असते. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक यांची जोडणी सुरू केली, ती अशा लहान गरजांसाठीच. एक वर्ष पक्षी जगले, अंडी फळली, दहा-वीस पक्षी विकले गेले, म्हणजे मग शिशु कर्ज किंवा २०१८-१९ पासून पशुपालनालाही लागू झालेले किसान क्रेडिट कार्ड यांचा विचार करावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांसाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना आहे. त्यात बँकेचे कर्ज, महामंडळाचा वाटा आणि अर्जदाराचा थोडा वाटा अशी रचना असते. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला ५० टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत अनुदान आहे, असे ऐकून पुष्कळ तरुण उत्साहाने येतात. ते अनुदान एक हजार मातृपक्ष्यांच्या मोठ्या कोंबडी प्रकल्पासाठी आहे. घरामागे पाच हंस पाळणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आणि अर्ज करताना एक गोष्ट मात्र ठामपणे मागावी : परतफेडीचा तक्ता हंसाच्या आयुष्यावरून बनवून घ्या, ब्रॉयलरच्या नव्हे. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत विक्रीला येते, म्हणून तिसऱ्या महिन्यापासून हप्ता घेणे शक्य असते. हंसाची मादी पुढच्या हंगामापर्यंत अंडे घालीत नाही आणि पैसा दिसू लागतो तो दीड-दोन वर्षांनी. आमच्या तरुणाची तीसच्या तीस पिल्ले जगली असती तरी तो तिसऱ्या महिन्यात थकबाकीदारच झाला असता. ही चूक त्याची नव्हती, पिल्लांचीही नव्हती. ती आमच्या फॉर्मची होती, आणि फॉर्म भरणारे हात आमचे होते. पुढे शाखेत नवे व्यवस्थापक आले. त्यांच्यापुढे आम्ही सारी कागदपत्रे मांडली आणि हप्त्यांची फेररचना करून घेतली. दंडव्याज मात्र माफ झाले नाही. ते त्याने भरले.

मंडळाने या बाबतीत काय करावे? मार्गदर्शन शिबिरे भरवावीत, पण शिबिर एक दिवसाचे आणि पिल्लू चाळीस दिवसांचे कष्ट मागते. नवख्याला खरी गरज असते ती पहिल्या चाळीस दिवसांत रात्री आठ वाजता फोन उचलणाऱ्या माणसाची. पायापाशी सूज आहे, विष्ठा हिरवी आहे, पिल्लू जेवत नाही. यातले काय गंभीर आणि काय नाही, हे सांगणारे कोणी तरी हवे. आपल्या जिल्ह्यात आत्याबाईंसारखी जुनी माणसे आहेत. त्यांना कोणी व्याख्यानाला बोलावीत नाही, कारण त्यांना माईकवर बोलता येत नाही. त्यांना बोलावू नये, त्यांच्याकडे जावे. मंडळाकडे अशा पाच-सहा जणांची नावे असली आणि प्रत्येक नवख्यामागे एक जाणता एक वर्षभर लावून दिला, तर निधीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. जाणत्याच्या जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने द्यावा. फुकट सल्ला फार दिवस टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पक्षी देण्याची पद्धतही विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत १९४४ साली डॅन वेस्ट या शेतकऱ्याने हेफर नावाची संस्था सुरू केली. ती गरजू कुटुंबाला कालवड देत असे आणि तिला होणारे पहिले मादी वासरू त्या कुटुंबाने दुसऱ्या गरजूला द्यावे, अशी अट असे. पुढे शेळ्या, कोंबड्या, हंस यांच्या बाबतीतही तीच पद्धत चालली. यात घेणाऱ्याची मान खाली जात नाही, आणि देणारा आपल्या जुन्या पक्ष्याकडे पाहावयाला म्हणून का होईना, नवख्याच्या घरी जातो. विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो : नवख्याची वही लिहून द्यावी. तारीख, पक्षी किती, खाद्य किती, अंडी किती, मेले किती आणि कशाने. "कशाने" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आमच्या तरुणाच्या वहीत तो रकाना नव्हता, म्हणून तेवीस पिल्लांच्या मृत्यूची कारणे आम्हांला आठवणीवरून जुळवावी लागली.

त्या सात पिल्लांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. दोन नर आणि पाच माद्या निघाल्या. दुसऱ्या वर्षी पिल्ले थोडी झाली, तिसऱ्या वर्षी चाळीसच्या वर. त्याने पक्षी कधी साठाच्या पुढे जाऊ दिले नाहीत. घराच्या एका बाजूला त्याचे लहान किराणा दुकान आहे. हंस हा जोडधंदाच राहिला. २०२२ मध्ये कर्ज फिटले. फिटल्याचा दाखला आम्हीच टाईप केला. मागच्या वर्षी त्याने शेजारच्या गावातल्या एका बी. कॉम. करणाऱ्या मुलीला एक नर आणि तीन माद्या दिल्या, पैसे न घेता, पुढच्या कोणाला तरी चार पक्षी देण्याच्या बोलीवर. मार्चमध्ये तिची पहिली पिल्ले बारा दिवसांची असताना दुपारीच आभाळ भरून आले. त्याने दुकान बंद करण्यापूर्वी तिला फोन केला की, पिल्ले आत घे. तिने ती तासाभरापूर्वीच घेतली होती.